चार बोटांचं अंतर

आमच्या मोरीतला नळ आठ वर्षं ठिबकत होता, आणि घरात गिरणीतला एक नंबरचा फिटर पेपर वाचत बसलेला असायचा. पाहुणे आले की मी मुद्दाम म्हणायचो, "बाबा, नळ बघता का जरा?" बाबा पेपराआडून म्हणायचे, "संप चालू आहे."

पाहुणे हसायचे. बाबा हसायचे नाहीत. गिरणीच्या जागी तोवर काचेचा मनोरा उभा राहिला होता. पण संप मागे घेतला असं बाबांना कुणी येऊन सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय ते मानणाऱ्यांतले नव्हते.

संपाच्या पहिल्या आठवड्यात ते आणि त्यांचा जोडीदार गिरणीच्या गेटासमोर उभे राहिले. एकाच पान्यावर दोघांनी हात ठेवला, बाबांनी उजवा आणि जोडीदाराने डावा, कारण तो डावखुरा. शपथ घेतली की संप मिटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. गिरणीत या दोघांची जोडी होती. मशीनखाली एक शिरायचा, दुसरा हत्यार द्यायचा. जोडीदार संपाच्या दुसऱ्याच वर्षी वारला. बाबांनी पुढे वॉचमनकी केली, पापड विकले, पण चष्म्याचा सैल स्क्रूसुद्धा पिळला नाही. दोऱ्याने बांधला. शपथ सोडा असं आई जन्मभर सांगत राहिली. त्यांचं उत्तर ठरलेलं. "दोघांनी घेतलीय. एकट्याला मोडता येत नाही."

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो, आणि तेव्हा मला गाडीचं खूळ लागलं. जुनी दोन दारांची हॅचबॅक, आकाराने डबी, पण इंजिन असं की सिग्नल सुटला की शेजारचा मोटरसायकलवाला तोंडात माशी गेल्यासारखा बघत राहायचा. मी प्रेमात पडलो. प्रेमात पडलेला माणूस गाडीखाली वाकून बघत नाही. तीन वर्षं ती वडाळ्याला मिठागरांच्या कडेला उभी होती. लालबागला आमच्या चाळीच्या आवारात आणून तिला चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली आणि खाली शिरलो, तर सगळं सस्पेन्शन गंजाने फुगलेलं. स्प्रिंगांवर खपल्या, रबरी बुश भाकरीसारखे तडकलेले. हात लावला की लाल चुरा डोळ्यांत.

बाहेर करून घ्यायला पैसे नव्हते आणि माझा स्वभावही तसा नाही. म्हटलं, घरीच करायचं. शनिवार-रविवार करून चाकं, ब्रेक काढले. पुढचं डावं चाक धरणाऱ्या आर्मचा बोल्ट मात्र बुशाशी एकजीव झाला होता. रॉकेल पाजलं, हातोडीने ठोकलं, शिव्या दिल्या. बाबा वर गॅलरीत खुर्चीवर बसून बघत होते.

"बाबा, नुसतं सांगा तरी!"

"सांगणं हेपण कामच."

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर बोल्ट निघालेला. आर्म काढून वर्तमानपत्रावर मांडलेला, गंज घासून, तेलाचा हात देऊन. शेजारी नट, वायसर, बोल्ट, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने रांगेत.

आता आमची चाळ म्हणजे अशी की तुम्हाला शिंक आली तर तीन मजल्यांवरून तीन औषधं सुचवतात. दिवसभर आवाराकडे तोंड करून निदान वीस माणसं बसलेली. तळमजल्यावरच्या मालवणी काकींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मियां काय बघूक नाय बाबा."

पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर कठड्याला चिकटूनच राहतात. ते म्हणाले, "डोळा लागला होता माझा."

"दिवसभर?"

"दिवसभर."

एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी आवाराच्या मधोमध उभा राहून वर बघितलं, तर तिन्ही मजल्यांवरची माणसं एकाच वेळी दुसरीकडे बघू लागली.

पुढचे दोन आठवडे हेच. मी सकाळी जायचो, संध्याकाळी एकेक काम पुढे गेलेलं असायचं. जुने बुश काढलेले, नवे बसवलेले, तारेच्या ब्रशाने घासलेल्या लोखंडाला लाल प्रायमर लावलेला. घरात आल्यावर बाबा पेपर वाचत असायचे, नखं स्वच्छ. पण मोरीत धुण्याच्या सोड्याचा वास यायचा, आणि पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीपुढची धूळ पुसलेली दिसायची.

मी काही बावळट नाही. पहिल्या आठवड्यातच ओळखलं आणि मनातल्या मनात नाचलो. नाचताना हेही कळलं की तोंडातून एक शब्द निघाला तर संपलं. हा माणूस सगळं गमावून फक्त शब्दावर उभा होता, आणि मी हसत हसत तेवढाच त्याच्या पायाखालून ओढणार होतो. चाळीला हे माझ्याआधी कळलं होतं. तिथल्या प्रत्येक घराने तो संप भोगलेला. बाबांविरुद्ध साक्ष द्यायला कोण उठणार?

म्हणून मी नाटक लावलं. रोज संध्याकाळी तीन मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडायचो, "भुताने केलं! गिरणीतलं कुणीतरी अजून ड्युटीवर आहे!"

"असेल," वरून बाबा म्हणायचे. "तुझ्यापेक्षा बरं काम करतंय."

एकच गोष्ट जुळत नव्हती. गिरणीतला फिटर हात पुसायला सुताच्या वेस्टचा, टाकाऊ धाग्यांचा, बोळा घेतो, आणि दुसऱ्याच्या बोळ्याला कधी हात लावत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. गाडीजवळ रोज दोन बोळे पडलेले असायचे. दोन्ही काळे. एक उजवीकडे, एक डावीकडे. मी म्हटलं, असेल, म्हातारा माणूस, विसरत असेल.

मग रविवारी मासळीवाली आली. वरळीची कोळीण, टोपली घेऊन आठवड्यातून तीनदा भर दुपारी यायची. चाळीतली नव्हती, त्यामुळे तिला काय बोलू नये ते कुणी सांगितलं नव्हतं. बोंबील मोजता मोजता म्हणाली, "तुझ्या घरचे म्हातारे भारी कामाचे रे भावा!"

"म्हातारे? एकच आहे ना बाय."

"मला दिसत नाय का? एक खाली झोपलेला, त्याचे पाय बाहेर. दुसरा उकिडवा बसून हत्यार देतो. तो डावरा. मी वळख दाखवली तर हसला पण."

काकींच्या हातातलं तांदळाचं सूप थांबलं. मी मासळी घेतली, वर गेलो. बाबांना काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आणि त्यांना ठाऊक नसेल तर?

त्या रविवारी मी राहिलेले शॉकअप आणि स्प्रिंगा कशाबशा बसवल्या आणि गाडी घोड्यांवर असतानाच सगळे नट जीव खाऊन आवळले. सोमवारी आलो तेव्हा गाडी चारी चाकांवर जमिनीवर उभी. खाली वाकून बघितलं, तर आर्मचे सगळे नट सैल करून पुन्हा आवळलेले, प्रत्येकावर खडूची रेघ. नंतर एका मेकॅनिकने सांगितलं की बुशाचे नट गाडीचं वजन जमिनीवर असतानाच आवळायचे, हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझी चूक कुणीतरी न बोलता दुरुस्त केली होती.

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून बघितली. चारी चाकांवर बरोबर चार बोटं. मी वर ओरडलो, "बाबा, चक्कर मारायची का?"

ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. मी दार उघडून पुढची सीट दाखवली. त्यांनी नकारार्थी मान हलवली, सीट पुढे ढकलून मागे शिरले आणि डाव्या खिडकीला अगदी चिकटून बसले.

"नीट ऐसपैस बसा की. जागा आहे."

"आहे ती पुरते."

स्प्रिंगा किती दबल्या ते बघायला मी मागे गेलो. डाव्या चाकावर तीन बोटं. बरोबर, तिथे बाबा. मग उजवीकडे गेलो. तिथे कुणी नव्हतं. बोटं घातली. चौथं बोट जाईना.

पुन्हा घालून बघितलं. मग उभा राहिलो. वर तिन्ही मजले दुसरीकडे बघत होते.

गाडी काढली. "कुठून नेऊ?"

"गेटावरून ने." गेट आता नव्हतं. मनोऱ्याची कमान होती, तिच्यापुढे स्पीडब्रेकर. मी गाडी इतकी हळू चढवली की मागचा टॅक्सीवाला आईबहिणीवर आला. पुढची चाकं गेली, मागची गेली. खट नाही, कुरकुर नाही. आरशात बाबा कमानीकडे बघत होते. कमान मागे पडल्यावर त्यांनी मान उजवीकडे वळवली, रिकाम्या सीटकडे, आणि हलकेच होकार दिला, तिथून कुणी काही विचारल्यासारखा.

मग मला म्हणाले, "येताना नळाचा वायसर घे रे. तो नळ बघून टाकतो आम्ही."