बाबांचं ‘टेक’

बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. जगभर फिरून त्यांनी इंग्रजीतलं एकच क्रियापद घरी आणलं, टेक. निवृत्तीनंतर आम्ही मालवणात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि त्या शब्दाला काम मिळालं. टेक बाथ. टेक फिश. टेक लेफ्ट, देन टेक बीच. पोट बिघडलेल्या एका पाहुण्याला त्यांनी ‘टेक सोलकढी, टेक स्लीप’ सांगितलं आणि तो बरा झाला. तेव्हापासून माझ्या दुरुस्त्यांना घरात कोणी विचारीना.

गेल्या थंडीत एक परदेशी जोडपं आलं, दोघंही साठीची. निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि बाई आमच्या तांबड्या कोंबड्याकडे बघत राहिली. तो गावच्या राखणदार देवाला नवसात बोललेला कोंबडा. तिला फोटो हवा असेल असं वाटून बाबा म्हणाले, “टेक, टेक.”

“रियली?”

“येस. टेक.” फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी कोंबडा उचलून तिच्या हातात दिला आणि आंबापोळी आणायला आत गेले. आतूनच ओरडले, “टेक केअर.”

मी बाजारातून आले तेव्हा आई अंगणात उभी होती.

“कोंबो गेलो,” ती म्हणाली.

“खंय?”

“कुडाळाक. रिक्षेन.”

मी स्कूटर काढली. कुडाळ स्टेशनच्या बाकावर दोघं बसली होती, मध्ये बाईच्या शालीत गुंडाळलेला कोंबडा बिस्कीट खात होता. समोर तिकीट तपासनीस उभा होता. मला बघून म्हणाला, “मॅडम, हा पक्षी कोणाचा आहे?”

बाबांना फक्त फोटो घ्या म्हणायचं होतं, हे मी दोघांना सांगितलं. बाईचा चेहरा पडला. नको म्हटलं तर बाबांचा अपमान होईल, म्हणून त्या दोघांनी तो घेतला होता. “आणि त्याची काळजी घ्यायलाही त्यांनी सांगितलं,” नवरा हळूच म्हणाला. शाल परत घ्यायला ती तयार होईना.

घरी बाबांनी गुरवाला विचारलं. त्यानं शाल उघडून कोंबडा पाहिला. “देवाक बोललेलो, मगे दुसऱ्याक दिलेलो. ह्यो आता चलाचो नाय. दुसरो आणा.”

दुसरा आणला आणि राखणदाराला दिला. हा तांबडा अजून आहे. पहाटे चारला आरवतो आणि पाहुणे तक्रार करतात.