सकाळच्या उन्हातली केळी

कॉम्प्युटरच्या पहिल्याच तासाला मॅडमनी पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या, डोकेदुखीच्या गोळ्या, सेफ्टी पिना, एसटीची जुनी तिकिटं, अर्धं खाल्लेलं आवळासुपारीचं पाकीट. "करा याचे तीन ढीग," त्या म्हणाल्या. "आधी ढीग, नावं मागून!"

एकानं रंगावरून लावले, एकीनं आकारावरून, एकानं कामाचं, बिनकामाचं नि 'असू दे' असे.

"तिघांचंही बरोबर. म्हणून तिघांवरही विश्वास ठेवायचा नाही. झालं तुमचं क्लस्टरिंग. गणित पुस्तकात आहे, त्याला तिथंच सुखानं राहू द्या."

जळगावच्या त्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक. म्हणजे काही बिघडलं की ज्याची सगळ्यांना आठवण येते तो. बाकीचे प्राध्यापक मला 'अरे' म्हणत, मॅडम 'भाऊ' म्हणत आणि कामं मात्र दुप्पट सांगत. त्या मूळच्या धुळ्याच्या. एरवी पुस्तकी मराठी; राग आला की थेट अहिराणी. विभागप्रमुखांना अहिराणी कळत नसे. ते हसून मान डोलवत. अशी जोडी तुम्हीही कुठल्या तरी ऑफिसात पाहिली असेल.

मॅडमची पीएचडी केळीच्या पानांवर होती. शेतकऱ्यांनी मोबाइलवर पानांचे फोटो पाठवायचे, प्रोग्रॅमनं त्यांचे आपोआप ढीग लावायचे. दोन ढीग पडले, अगदी सुबक. एकात हिरवी पानं, दुसऱ्यात पिवळसर. पिवळ्या ढिगातले दहा फोटो त्यांनी तपासले, दहाही रोगट निघाले. मग अख्ख्या ढिगाला 'रोगट' नाव पडलं. प्रमुखांनी लगेच गेटवर फ्लेक्स लावला. त्यात केळीच्या पानापेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता.

पहूरकडच्या एका आबांचे जवळजवळ सगळे फोटो त्या पिवळ्या ढिगात गेले. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, "आबा, रोग दिसतोय. पसरायच्या आत उपटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तेच फोटो पडद्यावर मांडून बसल्या होत्या. मी प्रिंटरशी झटापट करत होतो. एकाएकी त्या ओरडल्या, "हाई बठ्ठं खोटं शे! सगळं खोटं!"

मी जाऊन पाहिलं. मला पानंच दिसली.

"सावल्या बघा भाऊ. लांबच लांब. आबा दिवस उगवताच शेतात जातात, तेव्हाच फोटो काढतात. कोवळं ऊन पिवळंच असतं हो! मी रोग नाही शोधला, मी सकाळ शोधली."

आबा फोन उचलेनात. माझ्या मोटरसायकलवर आम्ही निघालो. वाटेत मॅडम पुन्हा पुन्हा आबांना फोन लावत होत्या.

दोन ओळी उपटून झाल्या होत्या. मॅडम चिखलात तशाच चालत गेल्या.

"आबा, थांबा. माझं चुकलं. रोपं चांगली आहेत."

आबांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "माले त ती चांगलीच दिसत होती," ते म्हणाले. "पन म्या माह्या डोयाले खोटं पाडलं अन् तुमच्या मशीनले खरं मानलं."

मॅडमनी साडी खोचली आणि उपटलेली रोपं परत लावायला बसल्या. आबा जवळ येऊन म्हणाले, "अशी नाही बाई. मुयी मोडतीन." आणि शेजारी बसले. काही रोपं जगली, बरीच मेली. खरी रोगट फक्त दोन निघाली. ती आबांनी पान उजेडावर धरून, नजरेनंच दाखवली.

पुढच्या चर्चासत्रात मॅडमनी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर हे सगळं सांगितलं. उपटलेल्या दोन ओळींसकट. प्रमुखांचा चेहरा आधी हिरवा, मग पिवळा झाला. पीएचडी दोन वर्षं लांबली. फ्लेक्स उतरला, पावसाळ्यात तो प्रमुखांच्याच स्कूटरवर दिसे.

मॅडमनी सगळे फोटो नव्यानं काढवले. भरदुपारी, आणि उन्हाचा पिवळेपणा वेगळा कळावा म्हणून पानाशेजारी पांढरा कागद धरून. शंका आली की आबांना फोन. या खेपेला ढीग वेडेवाकडे पडले, एकमेकांत घुसलेले. मॅडम खूश. "आता वाटतं, शेतातलं काही तरी आलंय."

पदवी मिळाली आणि त्यांना धुळ्यातच नोकरी लागली. गेल्या त्या. आता मला 'भाऊ' कोणी म्हणत नाही, कामं तेवढी सांगतात.

त्यानंतर काही महिन्यांनी आबा कॉलेजात आले. खांद्यावर केळीचा अख्खा घड. मॅडम इथं नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "हे त्या दोन ओयीतलं हाये. जगलं होतं त्याच्या बुडाले जे नवं फुटलं, त्याचं."

"ठेवून जा आबा, आम्ही पोचवू," प्रमुख म्हणाले.

त्यांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. प्रमुखांकडे जरा जास्तच. "नको. तुम्ही खाऊन टाकसान."

मी त्यांना स्टँडवर सोडलं. धुळ्याची गाडी भरत आली होती, एकच जागा उरलेली. आबांनी घड खिडकीशी बसवला आणि आपण मधल्या वाटेत उभे राहिले. कंडक्टर वाद घालत होता. गाडी हलली तेव्हाही घड बसलेला होता आणि आबा उभेच.