मास्तरांचा तळवा

"सर, जरा बघा की."

एवढं म्हणून ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे, चप्पल काढायचे आणि एक पाय उचलून माझ्यासमोर धरायचे. मग दुसरा. इंजेक्शन घेताना लहान मुलं भिंतीकडे तोंड करतात ना, तसे ते तोवर रस्त्याकडे बघत राहायचे. मी दोन्ही तळवे निरखून "काही नाही" म्हटलं की त्यांचा श्वास सुटायचा. तो समोरच्या पानवाल्यालाही ऐकू जात असावा.

ते कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतले टेलर. खाली त्यांचं दुकान, दुकानामागे त्यांचं घर आणि वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू मी. टेलर म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत चित्रकला शिकवणारा खरा मास्तर मी, पण गल्लीने ती पदवी आधीच देऊन टाकली असल्यामुळे माझ्या वाट्याला 'सर' आलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तयार कपड्यांची दुकानं वाढत चालली होती, तरी लग्नसराईत मास्तरांच्या मशीनला उसंत नसायची. मशीन पायाने चालवायचं. सकाळी त्याची खडखड सुरू झाली की मी उठायचो. गजराच्या घड्याळाची मला कधी गरज पडली नाही.

हे तळवे बघण्याचं काम माझ्याकडे आलं एका टाचणीमुळे. शिवलेली पँट द्यायला मास्तर एकदा अनवाणीच माझा जिना चढत होते. मी मागे होतो. त्यांच्या उजव्या टाचेत काहीतरी चमकलं. बघतो तर टाचणी, पार डोक्यापर्यंत रुतलेली.

"मास्तर, थांबा. टाचणी आहे पायात."

"कुठं?" त्यांनी विचारलं.

मी ती उपसली. रक्ताचा थेंब आला. ते माझ्या बोटातल्या टाचणीकडे बघत उभे राहिले. सकाळपासून त्याच पायाने त्यांनी मशीन हाणलं होतं.

"मला कळलंच न्हाय की ओ," ते हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. टाचणी टोचल्यावर माणूस ओरडला तर बरं वाटतं, हे मला तेव्हा समजलं.

डॉक्टरांनी साखर सांगितली. तळव्यांची जाणीव गेलीय म्हणाले. गोड बंद, भात नावाला, अनवाणी चालायचं नाही आणि रोज तळवे कुणाकडून तरी बघून घ्यायचे. खरं तर हे घरच्या माणसाचं काम. पण घरचं माणूस म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी, आणि वहिनींना दाखवायची मास्तरांना सोय नव्हती.

"तिला पाय दावला तर आधी ती माझं तोंड उघडून बघंल," ते म्हणाले. "तुमची चित्रकाराची नजर. बारीक. तुम्हीच बघा."

तेव्हापासून आमचा हा संध्याकाळचा कार्यक्रम. आज त्यांचा चेहरा आठवून काढायला बसलो तर नाक चुकेल, पण तळवे चुकणार नाहीत. डाव्या अंगठ्याखालचा घट्टा, टाचेच्या भेगा, करंगळीजवळचा जुना वण, सगळं जागच्या जागी काढून देईन.

मास्तर घाबरट होते. मी हे त्यांना कमीपणा देण्यासाठी म्हणत नाही, मीही त्यातलाच. पण त्यांच्या भीतीला एक जागा होती. त्यांचे थोरले भाऊ मलकापूरला असायचे. त्यांनाही साखर, आणि त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढलेला. मास्तर त्यांना भेटायला गेले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले, ते सरळ दुकानात जाऊन बसले. मशीनमध्ये दोरा नव्हता, कापड नव्हतं. नुसतेच पाय हलवत होते.

"चादर एका बाजूला सपाट हुती, सर," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "माझा पाय गेला तर मशीन काय हातानं चालवू?"

आता तुम्ही म्हणाल, एवढा भ्यालेला माणूस पथ्य काटेकोर पाळत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याची भीती पोटात असते आणि जीभ तिचं ऐकत नाही. मास्तरांनी यातून एक वाट काढली होती.

"प्रसादाला साखर लागत न्हाय, सर."

प्रसाद नाकारायचा नसतो, हे तर सगळ्यांनाच मान्य. मास्तरांनी त्याच्या पुढे मजल मारली. पेठेत कुठेही सत्यनारायण असो, मास्तर हजर. शिरा द्रोणात घ्यायचा, वर "तीर्थ राहिलं बघा" म्हणून पुन्हा रांगेत उभं राहायचं. मग दुकानात मशीनच्या वर टांगलेल्या दत्ताच्या तसबिरीची सोय लक्षात आली. बेकरीतला क्रीमरोल असो नाहीतर पाहुण्यांनी आणलेली बर्फी, कागदासकट तसबिरीसमोर धरायची, डोळे मिटायचे, पाणी फिरवायचं आणि मग निर्धास्त खायची. पंधरा ऑगस्टला कोल्हापुरात चौकाचौकात जिलबीचे स्टॉल लागतात आणि घरोघरी जिलबी जाते. मास्तर त्या दिवशी शाळेच्या झेंडावंदनाला माझ्याबरोबर यायचे, कडक सलाम ठोकायचे आणि परत येताना स्टॉलसमोर थांबायचे.

"आज जिलबी कशी काय?" मी विचारलं.

"झेंड्याचा प्रसाद हाय ह्यो!"

वहिनी हे सगळं ओळखून होत्या. एकदा तसबिरीसमोरून त्यांनी पेढ्याचा पुडा उचलला आणि दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हणाल्या, "रोज एवढं गोड दावायलाय. देवाला बी साखर व्हईल आता!" गिऱ्हाइकं हसली. मास्तरही हसले. नंतर वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

प्रसाद पोटात गेला की तासाभरात भीती वर यायची. मग प्रायश्चित्त. जिलबी झाली की रंकाळा तलावाला फेऱ्या, घामाने सदरा भिजेपर्यंत. शिरा झाला की दुसऱ्या दिवशी कारल्याचा रस, तोंड वाकडं करून. एकदा पेढे खाल्ल्याच्या धास्तीने गोळी घेतली आणि जेवणच टाळलं, तर मशीनवर बसल्या बसल्या घाम फुटून कोसळले. साखर फार खाली गेली होती. वहिनींनी धावत येऊन चमचाभर साखर त्यांच्या जिभेवर ठेवली. शुद्धीवर आल्यावर ते काय म्हणाले असतील?

"आज चालती व्हय साखर?"

वहिनींनी चमचा आपटला आणि आत गेल्या. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. हा माणूस एक चुकवायला जातो आणि दुसरीकडे पडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पण पथ्यापेक्षा त्यांची प्रायश्चित्तं जास्त धोक्याची आहेत, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. "देवाचं देवाला द्याय नगं व्हय?" म्हणाले.

अशी बरीच वर्षं गेली. मग दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मलकापूरचे भाऊ गेले. मास्तर तिकडून आले ते अर्धे होऊन आले. शिवायला घेतलेलं कापड उलटसुलट व्हायला लागलं. एका संध्याकाळी पाय दाखवून झाल्यावर म्हणाले, "बंद सर, आता प्रसाद बी बंद. पुनवंला वाडीला जातो, महाराजास्नी सांगतो आणि सोडतो."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. पौर्णिमेला ते नेहमीच जायचे. त्या पौर्णिमेला ऊन असं होतं की दुपारी आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. वहिनींना बरं नव्हतं, म्हणून मास्तर एकटेच गेले.

संध्याकाळी ते परत आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मी इतका खुललेला कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं नाही. माझ्याकडे बघत होते.

"शेवटचा म्हणून पेढा खाल्लो, सर. खोटं कशाला सांगू, कवठाची बर्फी बी खाल्ली. मग भ्या वाटलं. म्हटलं, असं न्हाय भागायचं. स्टँडावरच चप्पल काढून पिशवीत टाकली आणि अनवाणी गेलो देवळापर्यंत, भर दुपारी. लोकं उड्या मारत सावलीला पळाय लागलेली आणि मी आपला निवांत, नाव घेत! फरशीवर प्रदक्षिणा बी घातल्या. पोळलंच न्हाय, सर! जरा सुदिक न्हाय! महाराजांनी माफ केलं बघा मला."

मास्तरांना मी कधी न घाबरलेलं पाहिलं असेल तर ते त्या एकाच संध्याकाळी.

"पाय बघू," मी म्हणालो.

"आज काय बघायचंय? बरं, बघा." त्यांनी डावा पाय उचलला.

पुढच्या चवड्याची कातडी पांढरी पडून पुरीसारखी फुगली होती. टाचेकडे ती सुटून आली होती आणि आत लाल दिसत होतं, त्यात वाडीची माती. उजव्या पायाला कमी होतं, पण होतं. मी तो पाय हातात धरून तसाच बसलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझं तोंड लपवायला मला जागा नव्हती.

"काय हाय?" ते म्हणाले.

मी पाय अलगद माझ्या मांडीवर टेकवला.

"सर, काय न्हाय म्हणा की."

मी वहिनींना हाक मारली. मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तिला नगा सांगू. तुमच्या पाया पडतो." मी पुन्हा जोरात हाक मारली. वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, वाकून बघितलं. मला वाटलं आता त्या तोंड सोडतील. पण त्यांनी पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "रिक्षा आणा."

उजवा पाय भरून आला. डावा नाही. आधी बोटं काढली, मग चवडा, आणि पावसाळा संपायच्या आत गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी दवाखान्यातल्या त्या लांब पॅसेजमध्ये वहिनी आणि मी बाकावर बसून असायचो. दार उघडलं की दोघंही उभे राहायचो आणि डॉक्टर काय सांगतात यापेक्षा ते आमच्याकडे बघतायत की खाली, तेच बघायचो.

मास्तर घरी आले. मशीनला मोटर बसवली. आता ते एका पायावर चालत होतं. पहिल्याच संध्याकाळी कुबड्या टेकत ते पायरीवर येऊन बसले आणि उजवा पाय पुढे केला. "तुमचं काम निम्मं झालं बघा," म्हणाले. मी हसलो नाही, तेव्हा स्वतःच हसले.

पण त्यांचा प्रसाद सुटला, तो कायमचा. कुणी आणून दिला तर कपाळाला लावायचे आणि समोरच्या माणसाच्या हातावर ठेवायचे. पंधरा ऑगस्टला दुकानाचं दार ओढून घेऊन आत बसले. एकेकाळी बोलता बोलता क्रीमरोल संपवणारा माणूस भाकरीचा तुकडाही उलटून पालटून बघायला लागला. वजन उतरलं, आवाज उतरला. एकदा वहिनी दुकानात आल्या, हातात अर्धा पेढा. मी कपडे घ्यायला आलो होतो.

"एवढा खावा," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरास्नी इचारून आलोय मी. काय व्हत न्हाय."

मास्तरांनी पेढ्याकडे पाहिलं. त्यांची नजर मी ओळखत होतो. त्यांना तो हवा होता. त्यांनी दोन्ही हात मशीनच्या फळीखाली घेतले.

"नगं," ते म्हणाले. "एकच ऱ्हायलाय."

वहिनी पेढा तसबिरीसमोर ठेवून आत गेल्या. आतून त्यांचं रडणं ऐकू आलं. इतकी वर्षं त्यांच्या तोंडचा घास काढून घेणारी बाई ती. मास्तर मोटर चालू करून शिवत राहिले. त्या पेढ्याला दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या होत्या.

काही वर्षांनी एका सकाळी मी उशिरा उठलो. मशीनचा आवाज आला नव्हता. खाली गेलो तर दारात माणसं जमलेली. झोपेतच गेले होते. मी पायाशी उभा होतो. सवयीने तळव्याकडे बघितलं. तो स्वच्छ होता.

नंतर एकदा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं पाय बघत हुतासा, मला ठावं हुतं. मी बी बघत हुतो की. पहाटं, ते उठायच्या आत. त्यांना वाटायचं मला म्हाईत न्हाय. वाटू दे म्हटलं."

हे सगळं आज लिहायचं कारण, गेल्या पंधरा ऑगस्टला वहिनी वर जिलबी घेऊन आल्या. मी "नको" म्हणालो. दात दुखतोय म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"कवापासनं?"

"झाले दोन महिने," मी म्हणालो. साखर निघाल्याचं मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी जिलबीची ताटली बाजूला ठेवली. मला खाली नेलं, पायरीवर बसवलं. "काढा चप्पल," म्हणाल्या. चष्मा लावला आणि माझा पाय हातात घेतला. मी रस्त्याकडे बघायला लागलो. पानाची टपरी जाऊन तिथे मोबाईलचं दुकान झालंय. त्याच्या पाटीवर मी काय काय वाचत होतो, मला काही कळत नव्हतं. त्यांचा अंगठा कुठे दाबतोय हे कळतंय का, की मला तसं नुसतं वाटतंय, तेही कळेना. एवढा वेळ का लागतोय?

"काय न्हाय," वहिनी म्हणाल्या. "दुसरा द्या."