खरपुडीची कळी

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलाकडे सणसवाडीला राहायला आलो. आलो म्हणजे मी आले आणि ह्यांना आणलं. माझ्या यजमानांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती, वाचाही गेली होती. मुलगा रात्रपाळी करून सकाळी सातला यायचा आणि झोपायच्या आधी तासभर वडिलांजवळ बसायचा. तेवढा एक तास माझा.

पहिल्या दिवशी मी चिडूनच बाहेर पडले. घरात रडायची सोय नव्हती, म्हणून. बिल्डिंगच्या मागून कंपनीतल्या पोरांनी पाडलेली पायवाट माळावर चढते. एका अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरं, दुसऱ्या अंगाला प्लॉटिंगचे चुना लावलेले दगड, आणि मधला तुकडा अजून कुणाच्या लक्षात आला नाही म्हणून वाचलेला. तिथं तरवड पिवळाधमक फुलला होता, कुर्डूचे गुलाबी तुरे होते, आणि पाऊल पडता पडता दिसणारी निळी विष्णुक्रांता. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर फुलाचे भाग काढले, पण फूल नेहमी जास्वंदीचंच. इथल्या निम्म्या फुलांची नावं मला येत नव्हती. लाज वाटली.

रोज एखादं फूल आणून ह्यांच्या हातात ठेवायची. हे बघायचेसुद्धा नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा. भिंतीशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? मी हातपाय गाळायच्या बेतात होते, तेव्हा तरवडाच्या झुडपात तो वेल दिसला. पानं जाडसर, आणि पानाच्या बेचक्यात तांदळाएवढी कळी. कंदीलपुष्प! पुस्तकातल्या चित्रापलीकडे मी ते कधी पाहिलं नव्हतं. ही कळी मी तोडली नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "उमललं की आम्ही मायलेक तुम्हाला खुर्चीवरून नेऊन दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मी दारात पाऊल टाकलं, तर ह्यांनी डाव्या हाताची मूठ वर केली आणि सावकाश उघडली. उमललं का?

तीन महिन्यांत ह्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी चप्पल न काढता तिथंच बसले आणि रडले. मुलगा घाबरून बाहेर आला.

मग रोज तेच. रोज मूठ उघडायची, रोज मी सांगायची, अजून नाही, पण वाढलीय हं. माळावर शेजारच्याच वस्तीवरचे एक म्हातारे मामा शेळ्या चारायचे. शिकलेली बाई रोज एका झुडपापाशी उकिडवी बसते, याचं त्यांना नवल वाटे. एकदा त्यांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "घरी आजारी माणूस आहे मामा, त्यांच्यासाठी बघते." ते "व्हय व्हय" म्हणाले. एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं, असं मी धरून चालले.

कळी बोटाच्या पेराएवढी झाली. उद्या-परवा उमलणार, हे मलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी मामा वाटेतच उभे, हातात ओलं फडकं. फडक्यात पांढराशुभ्र, सोललेला, कांद्यासारखा कंद.

"घ्या बाई. रोज बघताय, पर काढता येत न्हाई तुम्हास्नी, म्या वळखलं. खरपुडी हाय. फूल धरलं की गोडी जाती, म्हून आजच काढली. आजारी मान्साला लई ताकद येती."

खरपुडी म्हणजे कंदीलपुष्पाचाच कंद? मी झुडपाकडे पाहिलं. तिथं उकरलेली माती होती आणि एक शेळी वेलाचं शेवटचं टोक चावत होती.

"दुसरी कुठं असेल का, मामा?"

"औंदा ही एकच घावली. पुन्यांदा घावली तर तुमालाच देतो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. रागवायचं कुणावर? त्यांनी तर धुऊन, सोलून दिला होता. मी म्हणाले, "उपकार झाले मामा." ते खूश होऊन शेळ्यांमागं गेले.

घरी येऊन मी तो कंद बारीक किसला, कारण ह्यांना चावत नाही. फेकून द्यावा असं मनात आलं, पण हात झाला नाही. चमच्यानं भरवला. गोडसर असावा. किती दिवसांनी ह्यांनी एखाद्या घासाला तोंड फिरवलं नाही, आणि मला बरं वाटलं याचीच मला चीड आली.

वाटी संपली. ह्यांनी मूठ वर केली, सावकाश उघडली आणि तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. ओठांना खरपुडीचा पांढरा कीस लागला होता.

तो पुसत मी म्हणाले, "उद्या."