दुपारची बायकांची बॅच

पन्नाशीला आल्यावर पोहायला शिकायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं, हे काय मला कळत नव्हतं? पण डॉक्टरने गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितला, आणि त्याच सुमारास घराजवळच्या इंद्रलोकच्या नाक्यावर महापालिकेचा बॅनर लागला. तरणतलाव, उन्हाळी वर्ग, दुपारची बॅच फक्त महिलांसाठी. मी सकाळच्या शाळेच्या ऑफिसात कामाला, दुपारी मोकळीच असते. घातलं नाव. गुडघे हे निमित्त. खरं म्हणजे पाण्याला घाबरून जगायचा मला वैताग आला होता.

घाबरायला कारण होतं. आम्ही मूळचे काशीगावचे, भातशेती आणि मिठागरावर जगलेले. मी लहान असताना माझा मोठा भाऊ वरसाव्याच्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेला आणि भरतीत सापडला. दुसऱ्या दिवशी मिळाला. आई त्या वेळी मिठागरावर कामाला होती. तेव्हापासून आमच्या घरात मासळी शिजली नाही. आमच्याकडे मासळी बंद म्हणजे काय, ते आमच्या गावच्या माणसालाच विचारा. आणि पाण्याजवळ जायचं नाही. विहीर नाही, तळं नाही, समुद्राचं तर नावच नको. आजही वसईला जाताना रिक्षा वरसाव्याच्या पुलावर चढली की आई पदर तोंडावर ओढते, तो पूल संपल्यावरच काढते.

आई आता माझ्याकडेच असते. तिला मी काही सांगितलं नाही. मैत्रिणीकडे जातेय म्हणायचं आणि सटकायचं.

बॅचमध्ये सगळ्या जातीच्या, सगळ्या भाषांच्या बायका. गुजराती, मारवाडी, यूपीकडच्या, आम्ही दोघी-तिघी मराठी. पाण्यात उतरलो की सगळ्यांची हिंदी. शिकवणारी मॅडम माझ्या मुलीच्या वयाची, गळ्यात शिट्टी. "आंटी, मुंडी अंदर! बुलबुले निकालो!" हे तिचं तासभर चालू. बाकीच्या बायका बघता बघता पाय मारायला लागल्या. मी आपली उथळ बाजूचा दांडा धरून उभी. तोंड पाण्याजवळ नेलं की मान आपोआप मागे जायची. भावाचा चेहराही मला आता नीट आठवत नाही, पण त्याला आणल्यावर आईने फोडलेला हंबरडा कानात तसाच आहे. शेवटी मॅडमनेही हात टेकले. "रहने दो आंटी, आप सिर्फ पानी में चलो. घुटने के लिए अच्छा है." असा राग आला म्हणून सांगू! तिचा नव्हे, माझा मलाच.

आणि मग आईला कळलंच. एका संध्याकाळी तिने माझे केस हुंगले. तलावातल्या औषधाचा वास काय लपतोय?

"कुठं जातेस गो तू?"

सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ती उठून आत गेली. जेवली नाही. पुढचे दोन-तीन दिवस माझ्याशी बोललीच नाही. मीही हट्टाला पेटले, जायचं थांबवलं नाही. एका दुपारी पिशवी घेऊन निघाले तर ही लुगडं नेसून, चपला घालून दारात उभी.

"मी पन येते."

"तिथे येऊन रडारड करणार असशील तर घरीच बस," मी फटकन बोलले.

"चल तू."

तलावावर सोबतच्या माणसांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात. आईने आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाण्याकडे पाठ करून बसली. दोघी-तिघी बायका फिसकन हसल्या. मी असं बघितलं त्यांच्याकडे, की गप्प झाल्या. मग पाण्यात उतरले आणि दांडा धरून उभी राहिले, रोजच्यासारखी.

तास संपत आला तशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उठली होती. चपला काढून, काठाच्या लादीवर हात टेकत टेकत ती माझ्याजवळ येऊन बसली. मॅडमने शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही. आईने लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

तिने मान खाली घालून पाण्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली,

"आतमंदी काय दिसतं गो?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी वर्षं ही बाई पदराआड हाच एक प्रश्न धरून बसली होती, आणि विचारायला कोणी नव्हतं.

"मला नाही माहीत, आई. मी अजून डोकं आत घातलंच नाही."

"मंग घाल. आन् मना सांग."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? दांडा धरला, श्वास घेतला आणि गेले खाली. गॉगलआड डोळे उघडले. उजेड होता. खूप उजेड होता. कानात आवाज नाही. आणि समोर, अगदी समोर, मिठागराने चिरा पाडलेले तिचे दोन पाय.

वर आले तर ती वाकून वाट बघत होती.

"काय दिसलं?"

"तुझे पाय," मी म्हटलं. "तुझे पाय दिसले, आई."

तिने मान हलवली. तोंडावर पदर घेतला नाही.

"त्याला न्हाय दिसले," ती म्हणाली. "तवा मी तिथं न्हवते."

पाण्यातूनच मी तिचे घोटे धरले. शिट्टी झाली, बायका बाहेर निघाल्या, मॅडम "चलो आंटी" म्हणून गेली. आईने पाय काढले नाहीत.

"आनखी एकदा बघ," ती म्हणाली. "मी हाय इथं."

मी पुन्हा डोकं आत घातलं.