पदराच्या गाठीतली किल्ली

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा डीपीच्या कुलपाची किल्ली माझ्या पदराला बांधलेली होती. गावात लाईन नव्हती. दिवेलागणीची वेळ, मी चुलीपुढं बसलेली. आमचे मालक अंगणात फोनवर "हो... हो..." म्हणत होते, आणि मग ते तिथंच खाली बसले. मी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की आता ही किल्ली कोणाच्या हातात द्यायची?

नाना म्हणजे माझे भासरे, मालकांचे थोरले भाऊ. वीज कंपनीत वायरमन होते. लोणार तालुक्यातल्या बीबी गावाच्या अलीकडचं आमचं गाव आणि आजूबाजूची लहान गावं त्यांच्याकडे. जाऊबाई लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांचं जेवणखाण आमच्यातच. पण आमच्याकडे भावजय भासऱ्यांशी बोलत नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, समोरासमोर एक शब्द नाही. ते दारात खाकरायचे, मी डोक्यावर पदर ओढून आत सरकायची. काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगायचे, नाही तर सासूबाईंच्या कोंबडीला. "आज दोन पाव्हणे हायेत म्हणा जेवायले." मी आतून बांगड्या वाजवायची. एकदा वाजवल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सासूबाई चिडायच्या, "कोंबडीले काय समजते बे? सरळ सांग ना तिले!" नाना म्हणायचे, "मी कोंबडीलेच सांगून राह्यलो माय, तू काऊन मधात येतं?" मी आत तोंडात पदर धरून हसायची.

गावातला जुना ट्रान्सफॉर्मर जळला आणि नवा ट्रॅक्टरवर घालून आणला, त्याची आठवण तर कायम राहील. खांबांवरची ती टाकी, खालचा दांडा, सगळ्याला मिळून आम्ही डीपी म्हणतो. त्या दिवसांत नाना जेवताना सासूबाईंना समजावून सांगत, आणि मी दाराआड भाकरी थापत ऐकत असे. वरून तीन तारा येतात, त्यात माणसाचा कोळसा होईल इतका जोर असतो. टाकी तो जोर उतरवते. खालून चार निघतात, तीन फेज आणि चौथा न्यूट्रल. तो न्यूट्रल जमिनीला नीट बांधला पाहिजे, टाकीचं अंगही वेगळं जमिनीला बांधलं पाहिजे. "जोराले जायले वाट लागते माय. जमिनीत नाही गेला तं माणसातून जाईन." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "चुलीतले कोळसे आणि जाडं मीठ लागन म्हणा, अर्थिंगच्या खड्ड्यात टाकाले." मी बांगड्या वाजवल्या. घरातलं सगळं मीठ काढून दिलं. त्या दिवशी कालवण अळणी झालं, नानांनी गुपचूप खाल्लं.

वर चढण्याआधी नाना दांडा ओढून लाईन तोडायचे, दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचे, साखळीचं एक टोक जमिनीला बांधून दुसरं वरच्या तारांवर टाकायचे आणि मगच पाय उचलायचे. किल्ली आधी खिशातच असायची. एकदा ते वर असताना ती खिशातून खाली पडली. खाली उभ्या असलेल्या एका भल्या माणसानं उचलली आणि नानांना मदत म्हणून कुलपाला लावलीसुद्धा! नाना वरून ओरडले म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ते किल्ली आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून जाऊ लागले. भिंतीला सांगितलं, "माह्याच हातात द्यायची म्हणा. मी निरोप धाडला असं कोणी सांगितलं तरी नाही."

सासूबाई म्हणाल्या, "तिच्यापाशी काऊन? ती तं तोंडातून शब्द काढत नाही."

"म्हणूनच. जो बोलतच नाही त्याच्यासंगं वाद कोण घालीन?"

तसंच झालं. कोणाच्या पिठाचं अडलेलं, कोणाच्या दारात वरात आलेली. "वहिनी, द्या ना, नानांले मी सांगतो!" मी आतून दोनदा बांगड्या वाजवायची. माणूस थोडा वेळ दाराशी बोलत राहायचा आणि जायचा.

शेवटच्या दिवसांत घराघरात दिवे कधी डोळे दिपतील एवढे मोठे तर कधी अगदी बारीक होत होते. नाना भिंतीला म्हणाले, "न्यूट्रल ढिला झाला. असंच राह्यलं तं लोकांचे पंखे, टीव्ही जळतीन. आज कसून टाकतो." उंबऱ्यावर किल्ली ठेवली, खाकरले आणि गेले. चहा अर्धा सोडला होता.

दुपारी आरडाओरडा ऐकू आला. मालक शेतात होते. एक जण पळत दारात आला. "वहिनी, नानांच्या छातीत कळ आली! सदाशिव गिरणीवाला गाडीत घालून लोणारले नेऊन राह्यला. किल्ली द्या, नानांनीच मांगतली!" विचारावंसं वाटलं, न्यूट्रल कसला का? साखळी काढली का? वर अजून कोणी आहे का? पण तोंड उघडलं नाही. दोनदा बांगड्या वाजल्या. तो गेला. मग आणखी लोक आले, मालक आले, तेही म्हणाले, "दे ना, काऊन अडून बसली?" नाना स्वतः खाली उभे दिसत नाहीत तोवर कशी देणार होते मी? अंधार पडू लागला, लोक चिडून गेले, आणि मग तो फोन आला.

माती झाल्यावर दुसरा वायरमन आला. मालकांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली नाही. त्यांच्या मागोमाग डीपीपर्यंत चालत गेले. वायरमननं सगळं तपासलं. न्यूट्रल कसलेला होता. साखळी गुंडाळून पिशवीत घातलेली होती. सदाशिव म्हणाला, कळ वरच आली होती, पण नट कसून, साखळी काढून मगच नाना खाली आले आणि खांबाला टेकून बसले. वायरमन म्हणाला, "ताई, उघडा आता."

नाना एकटे असले तरी दांडा लावण्याआधी मोठ्यानं हाक द्यायचे, "कोणी वर हाये का?" ती हाक आमच्या घरापर्यंत यायची. सगळे उभे होते, हाक कोणीच देईना. तेव्हा मी दिली. पहिल्यांदा आवाज बारीक निघाला. दुसऱ्यांदा मोठा आला. सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते. वरून कोणी ओ दिली नाही... मी कुलूप उघडलं.

पण मला झोप नव्हती. नानांनी खरंच किल्ली मागितली असेल तर? गावात दिवे लागलेले बघूनच त्यांना जायचं असेल तर? पीठ मळताना तेच, पाणी भरताना तेच. शेवटी परवा दळण घेऊन गिरणीत गेले आणि सदाशिवला सरळ विचारलं. तो दचकलाच. मला बोलताना त्यानं फक्त त्या हाकेपुरतं ऐकलेलं.

"मांगतली होती वहिनी," तो म्हणाला. "त्यांले गाडीत टाकताना माणूस धाडला, थो रिकाम्या हातानं आला. मी म्हणलं, नाना, वहिनी देत नाहीत. तं हासले. म्हणे, राहू दे. तिनं दिली असती तं मले कुलूपच बदलावं लागलं असतं."

मी दळण तिथंच ठेवून बाहेर आले.

हे ऐकूनही जीव थाऱ्यावर आलेला नाही. नाना हसले, पण मागितली तर होतीच... नव्या वायरमनचं कुलूप वेगळं आहे. नानांचं कुलूप आमच्या कोनाड्यात आहे, आणि किल्ली अजून माझ्या पदराला. आजही लाईन गेली की घरातले वैतागतात, मोबाईलचा उजेड करतात. माझा हात आधी गाठीकडे जातो. कुठं तरी कोणी तरी वर चढलेलं असेल. तो नीट खाली उतरू दे, तोवर ही गाठ मी सोडत नाही.