गोगलगायीच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

गिरणीवाल्या पोरांवर माझा राग होता, तो धंद्याचा. जर्मनीत ओडनवाल्डच्या डोंगरांतल्या आमच्या एवढ्याशा गावात केस कापायचं दुकान माझं एकटीचं, आणि सत्तरच्या सुमारास ही लांबकेसी पोरं ओढ्याकाठच्या बंद तेलगिरणीत येऊन राहिली. त्यांचं बघून गावातल्या पोरांनीही माझ्या कात्रीकडे पाठ फिरवली. वर दिवसभर ऑर्गन, गिटार आणि लोखंडी पिंपांवर धडाधडा. एकेक गाणं सुरू झालं की माझी दोघींची डोकी धुऊन व्हायची तरी संपत नसे, आणि शब्द त्यात औषधालाही नाहीत.

त्यांच्यात गावचा असा एकच होता, योस्ट. माझ्या शेजारच्या ओटिलीचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, बेकरीच्या गल्ल्यापाशी उभं राहून तिने पोर वाढवलं. लहानपणी योस्ट जेवायला बसला की दोन चमच्यांनी टेबल बडवायचा, आणि ती चुलीपासून ओरडायची, "सावकाश! सूप अजून व्हायचंय!" भिंतीपलीकडे मला रोज ऐकू यायचं. पुढे तो गिरणीत ड्रम वाजवायला गेला तेव्हा तिने तोंड वाकडं केलं, पण प्लमच्या केकचा ट्रे दर शनिवारी गिरणीत पोचता व्हायचाच.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात डार्मस्टाटला कार्यक्रम करून परतताना बर्फावर त्यांची गाडी घसरली. बाकीच्यांना खरचटलं. योस्ट जागच्या जागी गेला.

बर्फ वितळल्यावर त्यांची रेकॉर्ड आली. वेष्टनावर एक हिरवी गोगलगाय, आणि नाव कुणाचंच नाही. ते त्यांचं तत्त्व होतं. नाव आलं की मालकी आली आणि मालकी आली की भांडण आलं, असं ते म्हणत. गिरणीत बटाटे सामाईक, अंथरुणं सामाईक, तसा ड्रमही सामाईक; कधी योस्ट बसायचा, कधी डेटलेफ नावाचा बियरबाज पोरगा. ओटिली रेकॉर्ड छातीशी धरून गिरणीत गेली. मी सोबत होते.

"यात माझा योस्ट कुठे आहे, तेवढं सांगा रे."

ऑर्गन वाजवणाऱ्या हायनरच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गडी तत्त्व सोडेना. "मावशी, आमच्यात कोणी एकटं वाजवत नाही. सगळं सगळ्यांचं. सगळीकडे योस्टच आहे असं समजा."

"समजा काय समजा! पोरगा तिचा होता, सगळ्यांचा नव्हता!" मी ओरडले. ओटिलीने माझा हात धरून मला बाहेर नेलं.

उन्हाळ्यापर्यंत पोरं पांगली. डेटलेफ म्हणे हिंदुस्थानात गुरू शोधायला गेला. विचारायला कोणी उरलं नाही, तेव्हा ओटिलीने आपलं आपणच ठरवलं. पहिल्या बाजूवरचा ड्रम हलका, मऊ. "हा माझा. चमचेच वाजवतोय बघ," ती म्हणाली. दुसरी बाजू लावली तर सुरुवातीलाच पिंपांचा गडगडाट. तिने लगेच सुई उचलली. "हा तो दारुडा. भांडी आपटतोय नुसती!" ती बाजू तिने पुन्हा लावली नाही.

दर रविवारी दुपारी कॉफी आणि केकच्या वेळेला पहिली बाजू लागायची. मी नाकं मुरडत ऐकायचे, केकसाठी. वर्षं गेली, रेकॉर्ड झिजली, ड्रमपेक्षा खरखर मोठी झाली. मग ओटिलीचे कानही गेले. पण ती बाजू तिला पाठ होती. सुई ठेवून ती मान डोलवत बसायची आणि संपली की बरोबर वेळेवर उठायची. फार वाईट वाटायचं मला ते बघून.

गेल्या शरदात दारात हायनर उभा. डोक्यावर एक केस नाही. माझ्या कात्रीला शेवटी काही मिळालंच नाही. त्यांची रेकॉर्ड म्हणे आता शौकीन लोक शोधत फिरतात, म्हणून कोणीतरी ती नव्याने काढतंय. या वेळी नावं छापणार होते. त्याला योस्टचा फोटो हवा होता. ओटिली हरखली. फोटो दिला, केक कापला आणि पहिली बाजू लावली.

हायनर डोळे मिटून ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "डेटलेफचा हात काय हलका होता, नाही?"

मी कप खाली ठेवला. "आणि योस्ट?"

"दुसरी बाजू. अख्खी त्याची. ती पिंपं त्यानेच भंगारातून ओढून आणली होती. आमच्यात खरा वेडा तोच."

"काय म्हणतोय गं तो?" ओटिलीने विचारलं.

गावात माझ्या जिभेला लोक घाबरतात. त्या दिवशी मीच तिला घाबरले. खोटं सांगितलं असतं तर तिला कळलंही नसतं. पण नावं छापून येणार होती, आणि दुसऱ्या कुणाकडून तिला कळलेलं मला सोसलं नसतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. असली गोष्ट कुजबुजायची असते, आणि मला ती ओरडावी लागली.

ओटिली खूप वेळ टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "त्याने सुरुवात केली आणि मी सुई उचलली."

तिने उठून रेकॉर्ड पालटली. ती बाजू काळीभोर चकाकत होती, एक ओरखडा नाही.

"अरे वा! पहिल्या दिवसासारखी आहे!" हायनर हरखून बोलला आणि माझा चेहरा बघून केकच्या बशीवर वाकला.

सुई टेकली. पिंपं गडगडली, बशांमधले कप हलले. ओटिली आमच्या तोंडांकडे बघत होती. तिने स्पीकरवर तळवा ठेवला.

"वाजतंय का?"

मी मान हलवली.

"कसा वाजवतोय? सांग ना."

त्या संगीताला मी जन्मभर नावं ठेवली होती. मी तिचा दुसरा हात ओढून घेतला आणि जसं ऐकू येत होतं तसं हाताच्या पाठीवर दोन बोटांनी वाजवत गेले. पोरगा सुसाट सुटला होता, माझी बोटं मागे पडत होती. ओटिलीने डोळे मिटले.

"सावकाश," ती म्हणाली. "सूप अजून व्हायचंय."